वर्गातल्या टच पॅनलवरचं चित्र बिघडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साधारण ५५ ते ८६ इंचांच्या टच पॅनलसाठी आहेत. काही ठिकाणी याला स्मार्ट बोर्ड म्हणतात, पण इथे प्रोजेक्टरवर चालणारे बोर्ड धरलेले नाहीत. मेनूतल्या नोंदींची नावं कंपनीगणिक वेगळी असतात, तेव्हा अगदी तोच शब्द सापडला नाही तर अर्थाने जवळचा शोधा.

चित्रात काहीतरी गडबड आहे एवढंच कळतंय. सुरुवात कुठून करू?

रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. पॅनलचा मेनू लॅपटॉपकडून येत नाही, तो पॅनल स्वतः पडद्यावर काढतं. म्हणून मेनू स्वच्छ दिसत असेल आणि त्याच्या मागचं चित्र तेवढं खराब असेल, तर दोष लॅपटॉपमध्ये, केबलमध्ये किंवा मधल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये आहे. मेनूवरही तीच रेघ, तोच रंग, तोच काळा कोपरा दिसला तर दोष पॅनलचा. खात्री करायची असेल तर पॅनलमधल्या अँड्रॉइडच्या होम स्क्रीनवर जाऊन तिथेही बघा. खालच्या काही उत्तरांत हीच चाचणी पुन्हा पुन्हा येईल, कारण अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बऱ्याच पॅनलमध्ये रंग, प्रकाश, आकार यांच्या सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळ्या साठवल्या जातात. त्यामुळे एचडीएमआय १ वर (एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज नेणारी डिजिटल जोडणी) चित्र पिवळट आणि एचडीएमआय २ वर नीट, असं झालं तर पोर्ट खराब आहे असं लगेच समजू नका. आधी त्या इनपुटची चित्राची सेटिंग मूळपदावर आणा.

त्यानंतर केबल, पोर्ट आणि लॅपटॉप बदलून बघायचं, पण एका वेळी एकच. तिन्ही एकदम बदलले आणि चित्र आलं, तर तास निभावतो, पण दोषी कोण ते कळत नाही. मग तीच खराब केबल कपाटात जाते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गात निघते.

पॅनल चालू आहे, पण ‘नो सिग्नल’ म्हणतंय.

केबल ज्या पोर्टमध्ये खोचली आहे, तोच इनपुट निवडलेला आहे का ते बघा. पुढचा, बाजूचा आणि मागचा असे तीन-तीन एचडीएमआय पोर्ट असतात आणि त्यांचे क्रमांक वाटतात त्या क्रमाने नसतात. भिंतीवर टांगलेल्या पॅनलच्या खालच्या बाजूच्या पोर्टमधून केबल स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली सरकते. वरून ती नीट बसलेली दिसते, म्हणून हाताने दाबूनच खात्री करा.

मग लॅपटॉपकडे वळा. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा, म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं. मॅकवर कमांड आणि एफ१ दाबलं की मिररिंग चालू-बंद होतं. तरीही काही नाही, तर पॅनल चालू असतानाच केबल काढून परत लावा. जोडणी होताना पॅनल लॅपटॉपला स्वतःची ओळख पाठवतं: माझा आकार एवढा, मला अमुक अमुक रेझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे इतके ठिपके, चालतात. ही देवाणघेवाण अर्धवट राहिली तर लॅपटॉपच्या लेखी समोर पडदाच नसतो. म्हणून आधी पॅनल पूर्ण चालू होऊ द्यावं आणि मग लॅपटॉप जोडावा.

विंडोजमध्ये आणखी एक उपाय आहे: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकत्र. पडदा क्षणभर काळा होतो, बहुधा बीप वाजतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फायलींना धक्का लागत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करण्याआधी हे करून बघाच.

आवाज येतोय, दिवा लागलाय, पण पडदा ठार काळा आहे.

आधी कुणी रिमोटवरचं पडदा झाकायचं बटण दाबलं नाही ना ते बघा. फळ्याकडे लक्ष वेधायला ते दाबतात आणि मग विसरतात. पडद्याला बोट लावलं किंवा कोणतंही बटण दाबलं की चित्र परत येतं.

तसं नसेल तर वर्गात अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरून बघा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर एलसीडी पडदा काम करतोय, त्यामागचा उजेड गेलाय. हा बॅकलाइटचा किंवा त्याला वीज देणाऱ्या सर्किटचा दोष आहे. सेटिंग बदलून तो जाणार नाही. टॉर्चच्या उजेडातही काहीच दिसलं नाही, तर पॅनलच्या मागचा किंवा खालचा मुख्य स्विच बंद करून प्लग काढा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग चालू करा. रिमोटने बंद केलेलं पॅनल झोपलेलं असतं, बंद झालेलं नसतं. त्यामुळे ‘बंद-चालू करून पाहिलं’ असं सांगण्याआधी प्लग काढला होता का ते आठवा.

मागचं झाकण मात्र उघडू नका. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ विजेचा घातक दाब धरून ठेवतात.

यूएसबी-सी केबल लावली. लॅपटॉप चार्ज होतोय, पण चित्र नाही.

यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. त्यातून चित्र जाण्यासाठी लॅपटॉपच्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय हवी आणि केबलही तशी हवी. फोनच्या चार्जरसोबत मिळालेल्या केबलमधून बहुधा चार्जिंग आणि संथ यूएसबी २.० एवढंच जातं. पॅनलसोबत आलेली केबल लावून बघा. तरीही चित्र नसेल तर लॅपटॉपच्या पोर्टलाच ती सोय नसावी, तेव्हा एचडीएमआय वापरा. सगळं जुळलं तर चित्र, आवाज, टच आणि चार्जिंग एकाच केबलवर येतं, म्हणून एक चांगली केबल त्या वर्गाच्या नावाने राखून ठेवावी.

मध्येच पडदा एक-दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. कधीकधी पांढरे ठिपके चमकतात.

ही बहुतेक वेळा केबलची तक्रार असते, पॅनलची नव्हे. एचडीएमआय डिजिटल आहे. जुन्या व्हीजीए केबलमध्ये सिग्नल कमकुवत झाला की चित्र हळूहळू धूसर व्हायचं, छाया पडायच्या. एचडीएमआयमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम तुटतं. तुटण्याच्या काठावर असताना ते ठिपके दिसतात.

आकडे बघितले की कारण कळतं. ३८४०×२१६० म्हणजे फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर एचडीएमआय २.० या आवृत्तीची सेकंदाला १८ गिगाबिटची वाट हवी. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट आहे, तिथे फोर-के ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० वेळांवरच, थांबतं. आता शिक्षकांच्या टेबलापासून भिंतीतून पॅनलपर्यंत गेलेली लांब केबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर एक सॉकेट, पॅनलमागे दुसरा, मध्ये एखादा स्प्लिटर, लॅपटॉपला अ‍ॅडॅप्टर. प्रत्येक सांध्यावर सिग्नल थोडा झिजतो. जुना लॅपटॉप फुल एचडी (१९२०×१०८०) पाठवत होता तोवर हे खपून गेलं. नवा लॅपटॉप आला, त्याने आपणहून फोर-के ६० हर्ट्झ निवडलं आणि ‘नव्या लॅपटॉपला पॅनल चालत नाही’ अशी तक्रार आली.

चाचणी सोपी आहे. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२०×१०८० आणि ६० हर्ट्झ करा. पडदा काळा व्हायचा थांबला तर केबलची वाट अपुरी आहे. मग भिंतीतली केबल बाजूला ठेवून लॅपटॉप पॅनलजवळ न्या आणि छोट्या, चांगल्या केबलने थेट जोडून फोर-के चालवा. ते चाललं तर पॅनलही निर्दोष आणि लॅपटॉपही. भिंतीतली केबल बदलायची की फुल एचडीवर भागवायचं, हा नंतर सवडीने घ्यायचा निर्णय. धड्याची स्लाइड आणि व्हिडिओ यांना फुल एचडी पुरेसं होतं, असं माझं मत आहे. बारीक नकाशे आणि सूक्ष्मदर्शकाची चित्रं दाखवायची असतील तर मात्र खर्च करावा. लांब अंतरासाठी ऑप्टिकल (उजेडातून सिग्नल नेणारी) एचडीएमआय घेतली तर तिची टोकं बघून लावा. ती एकाच दिशेने चालते, उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

थोडी विचित्र वाटेल अशीही एक गोष्ट आहे. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून कुणी उठलं की पडदा क्षणभर जातो, असं खरोखर घडतं. खुर्चीतून स्थिर विजेची ठिणगी सुटते आणि हलक्या प्रतीची केबल अँटेनासारखी ती पकडते. इथेही उपाय चांगल्या शील्डिंगची, म्हणजे अशा अडथळ्यापासून वाचवणाऱ्या आवरणाची, केबल हाच.

अक्षरं अस्पष्ट दिसतात. पॅनल फोर-के असूनही असं का?

डुप्लिकेट मोडमध्ये बहुतेक वेळा लॅपटॉपच्या पडद्याचं रेझोल्यूशन दोघांना लागू होतं. ते फुल एचडी किंवा त्याहून कमी असेल तर पॅनल तेच ताणून मोठं करतं. ‘एक्सटेंड’ (पॅनल हा वेगळा, जादा पडदा) किंवा ‘फक्त दुसरा पडदा’ निवडून पॅनलसाठी ३८४०×२१६० करा आणि फरक बघा.

तरी रंगीत अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या दिसत असतील, विशेषतः निळ्यावर लाल किंवा काळ्यावर लाल लिहिलेली, तर रंगाची माहिती काटछाट होऊन येतेय. केबलची वाट अरुंद असली की लॅपटॉप ४:२:० नावाच्या पद्धतीने रंगाचे तपशील कमी करतो. व्हिडिओत ते जाणवत नाही, अक्षरांत लगेच कळतं. ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘आरजीबी’ किंवा ४:४:४ (दोन्हींत रंगाचे पूर्ण तपशील जातात) निवडा. ते मिळत नसेल तर पॅनलच्या त्या इनपुटसाठी एचडीएमआय २.० मोड चालू करा किंवा ३० हर्ट्झवर या. पॅनलच्या मेनूत ‘पीसी मोड’ असेल तर तोही लावा, कारण व्हिडिओ मोडमध्ये पॅनल कडांवर स्वतःची कलाकुसर करतं. शार्पनेस जास्त ठेवला तर अक्षरांभोवती पांढरी किनार येते, तेव्हा तो मध्यावर किंवा त्याखाली ठेवा.

व्हीजीए अजून वापरात असेल तर मेनूतलं ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ दाबा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. अँड्रॉइडचा मेनू मात्र थोडा मऊ दिसला तर काळजी नको, काही पॅनल फोर-के असूनही अँड्रॉइडचा भाग फुल एचडीतच काढतात.

उलट, अक्षरं फारच बारीक झाली आहेत.

रेझोल्यूशन कमी करू नका. विंडोजमध्ये स्केल २०० किंवा ३०० टक्के करा. शेवटच्या बाकावर बसून एकदा वाचून बघा.

चित्राच्या कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवत. ती सवय टीव्हीकडून पॅनलकडे आली. मेनूत आकाराच्या पर्यायांत ‘पॉइंट टू पॉइंट’, ‘१:१’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असं काही सापडेल, ते निवडा. लॅपटॉपच्या बाजूने चित्र लहान करण्याचा स्लायडर असतो, पण तो शेवटचा उपाय. त्याने कडा दिसतात आणि अक्षरं धूसर होतात.

दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आहेत. पूर्ण पडदा कसा भरू?

शक्यतो तसं करू नका. पॅनलचं प्रमाण १६:९ आहे आणि आताच्या अनेक लॅपटॉपचं १६:१० किंवा ३:२. डुप्लिकेट केल्यावर उरलेली जागा काळी राहणारच. ‘फुल’ निवडून चित्र ताणलं तर वर्तुळ अंड्यासारखं होतं. १६:१० चं चित्र १६:९ वर ताणलं की आडव्या पायावर काढलेला ४५ अंशांचा कोन पडद्यावर सुमारे ४२ अंशांचा होतो. भूमितीच्या तासाला एखादी मुलगी कोनमापक पडद्याला लावून मोजेल आणि तिचंच बरोबर असेल. पडदा भरायचाच असेल तर एक्सटेंड मोड वापरा, किंवा लॅपटॉपचं रेझोल्यूशन १९२०×१०८० करा. मग पट्ट्या लॅपटॉपवर येतील, वर्गाला पूर्ण चित्र दिसेल.

सगळं चित्र पिवळट, गुलाबी किंवा हिरवट दिसतंय.

पिवळट असेल तर बहुधा पॅनलचा डोळ्यांच्या संरक्षणाचा मोड किंवा लॅपटॉपची नाइट लाइट चालू आहे. गुलाबी किंवा हिरवट असेल आणि मेनूचा रंग ठीक असेल तर केबल काढून परत लावा. लॅपटॉप एका पद्धतीने रंग पाठवतोय आणि पॅनल दुसऱ्या पद्धतीने वाचतंय, असं झालेलं असतं. व्हीजीएमध्ये एखादा रंग पूर्ण गायब झाला तर प्लगमधली वाकलेली पिन शोधा.

काळा रंग राखाडी दिसतो, चित्र उतरल्यासारखं वाटतं.

लॅपटॉप आणि पॅनल यांचा काळा-पांढरा जुळत नाही. कॉम्प्युटर ० ते २५५ अशा छटा वापरतो, टीव्हीच्या परंपरेत १६ ते २३५. एकाने ‘फुल’ आणि दुसऱ्याने ‘लिमिटेड’ धरलं की एक तर काळा राखाडी होतो, नाही तर गडद भागातले तपशील बुडतात. दोन्हीकडे एकच ठेवा. विंडोजमध्ये एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचा मोड) चुकून चालू झालं असेल तर तेही बंद करा. खिडकीचा उजेड थेट काचेवर पडत असेल तर मात्र सेटिंगने काही साधणार नाही, पडदा ओढा.

उजेड आपोआप कमी-जास्त होतो.

चौकटीत प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. ऑटो ब्राइटनेस बंद करा, किंवा सेन्सरवर चिकटलेला कागद काढा.

पडद्यावर उभी रेघ आली आहे.

मेनू उघडा. रेघ मेनूच्या आरपार जात असेल तर ती पॅनलचीच आहे. काचेच्या कडेला चिकटवलेल्या लवचिक पट्ट्यांमधून प्रत्येक स्तंभाला सिग्नल जातो. त्यातला एखादा सांधा सुटला की बारीक उभी रेघ येते. अर्धा पडदा किंवा मोठा पट्टा बिघडला असेल तर सिग्नल वाटणारं टी-कॉन बोर्ड किंवा त्याची रिबन केबल यांवर संशय घ्यावा. ते बदलता येतं, सुटलेला सांधा सहसा नाही. चौकट दाबल्यावर रेघ जाते असं कुणी दाखवेल. त्यावरून सांधा ढिला आहे एवढंच कळतं, ती दुरुस्ती नव्हे. रोज दाबत राहिलात तर शेजारच्या रेघाही जातील.

एका भागात काळोख आहे, किंवा पांढरे गोल डाग दिसतात.

दोन्ही बॅकलाइटचे दोष. एलईडीची एक पट्टी गेली तर तेवढा पट्टा काळवंडतो. एलईडीवर बसवलेलं उजेड पसरवणारं भिंग निखळून पडलं तर तिथे प्रखर गोल डाग येतो. सगळा पडदा पांढरा करून फोटो काढा, डाग उठून दिसतील. धड्यात फार अडचण होत नसेल तरी वॉरंटी संपण्याआधी तक्रार नोंदवा.

जुन्या चित्राचा ठसा राहिलाय.

वेळापत्रक दिवसभर तसंच ठेवलं की असं होतं. एलसीडीत हा ठसा बहुधा तात्पुरता असतो. काही तास पूर्ण पांढरा पडदा किंवा हलता व्हिडिओ चालू ठेवा, आणि पुढे स्क्रीनसेव्हर लावा.

काचेच्या आत वाफ धरल्यासारखं दिसतं. पुसलं तरी जात नाही.

अनेक पॅनलमध्ये पुढची काच आणि एलसीडी यांच्यात हवेची फट असते. दमट हवेत किंवा थंड खोली एकदम गरम झाल्यावर तिथे दव धरतं. पॅनल काही तास चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ते निघून जातं. हेअर ड्रायर लावू नका. पाण्याचे ओघळ दिसत असतील तर मात्र ताबडतोब बंद करून प्लग काढा.

चित्र ठीक आहे, पण बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे.

टचची यूएसबी केबल आणि चित्राची केबल एकाच लॅपटॉपला जोडलेल्या हव्यात. पुष्कळ पॅनलमध्ये प्रत्येक एचडीएमआयचा जोडीदार यूएसबी पोर्टही ठरलेला असतो, पोर्टवरचा क्रमांक बघा. एक्सटेंड मोडमध्ये पॅनलवर बोट ठेवलं आणि लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधल्या ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’मध्ये ‘सेटअप’ दाबा आणि विचारेल तेव्हा पॅनलला बोट लावा. चित्र ताणलेलं किंवा कापलेलं असतानाही टच सरकतो, तेव्हा आकार आधी दुरुस्त करा, कॅलिब्रेशन (टच चित्राशी जुळवणं) नंतर.

बाकी सगळं दिसतं, पण एखाद्या अ‍ॅपमधला व्हिडिओ काळा होतो.

बिघाड नाही. सशुल्क चित्रपटांना नक्कल रोखणारं एचडीसीपी संरक्षण असतं. मधला स्प्लिटर, जुना अ‍ॅडॅप्टर किंवा वायरलेस कास्टिंग त्या संरक्षणात बसत नसेल तर चित्र अडवलं जातं. लॅपटॉप थेट केबलने जोडा.

मोबाइलने शूटिंग केलं की पॅनलवर पट्ट्या सरकताना दिसतात.

डोळ्यांना दिसत नसतील तर सोडून द्या. बॅकलाइट वेगाने चालू-बंद करून उजेड कमी केला जातो आणि कॅमेऱ्याचा शटर त्याच्याशी जुळत नाही. पॅनलचा ब्राइटनेस वाढवला की पट्ट्या बहुधा कमी होतात.

फॅक्टरी रिसेट करून बघू का?

मेनूवरही दिसणाऱ्या रेघेसाठी किंवा डागासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. अँड्रॉइड अडकत असेल किंवा कुणी सेटिंगचा पार घोळ केला असेल तर करा, पण आधी पॅनलमध्ये साठवलेल्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. रिसेटमध्ये त्या, अ‍ॅप आणि वायफायचे पासवर्ड जातात. फर्मवेअर (पॅनलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट शाळा सुटल्यावर करा, आणि ते चालू असताना वीज जाणार नाही हे बघा.

दुरुस्तीवाल्याला काय सांगायचं?

‘चित्र नीट येत नाही’ एवढंच सांगितलं तर तो हात हलवत येईल आणि सुटा भाग आणायला परत जाईल. मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, त्यावर मॉडेल आणि सीरियल क्रमांक असतो. मेनू उघडा ठेवून दोष दिसेल असा दुसरा फोटो काढा. अँड्रॉइडमध्ये दोष दिसतो का, दुसऱ्या लॅपटॉपवर आणि दुसऱ्या केबलवर दिसतो का, हे तीन वाक्यांत लिहा. तो ‘पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल’ म्हणाला तर पॉवर बोर्ड, मेन बोर्ड आणि टी-कॉन तपासले का ते विचारा. हे भाग बदलणं तुलनेने स्वस्त पडतं. एलसीडी बदलायचा खर्च मात्र नव्या पॅनलच्या जवळपास जातो. पॅनल न्यावंच लागलं तर दोघांहून कमी माणसांनी उचलू नका, आणि गाडीत ते उभंच ठेवायला सांगा. आडवं टाकलं तर मधोमध काच वाकते.